रात्री नऊला पाणवठ्यावर कोण येतं? – प्राण्यांचे थेट कॅमेरे, वेळा, डेटा आणि खऱ्याखोट्याची पारख

तापीकाठ (धागाकर्ता)

मे महिना. जेवणं आटोपली, गच्चीवर पाणी मारून झालं, गाद्या पडल्या. अंग टेकलं की फोन हातात येतोच. त्या वीस मिनिटांत प्राणी बघण्याइतकं निर्मळ सुख दुसरं नाही असं माझं ठाम मत आहे. फक्त ते कुठे बघायचं हा प्रश्न आहे.

गाणं चिकटवलेल्या तीस सेकंदांच्या तुकड्यांपेक्षा मला थेट कॅमेरे जास्त भावतात. दहा मिनिटं नुसती वाळू आणि पाणी दिसतं. मग कडेच्या सावलीतून एक कान हलतो, आणि तो कान आपणच शोधलेला असतो. तुकड्यात तो आयता समोर येतो, म्हणून डोळ्यावरून घसरून जातो.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. आपल्या रात्री नऊ-दहाला जगात कुठे उजेड असतो आणि कुठले कॅमेरे बघण्यासारखे असतात? रोजच्या दीड जीबीत हे कसं बसवायचं? आणि घरच्या ग्रुपवर येणारे ‘वाचवलेल्या पिल्लांचे’ व्हिडिओ खरे की बनवलेले, हे ओळखायचं कसं?

सातपुडा_पायथा

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे फरकात नेहमी अर्धा तास लटकतो आणि हिशेब तिथेच चुकतो.

दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. आपले रात्री नऊ म्हणजे तिथे संध्याकाळचे साडेपाच. पण घड्याळ सारखं असलं तरी सूर्य सारखा नसतो. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेकडे मे महिन्यात तोवर अंधारून आलेलं असतं. नामिबिया बराच पश्चिमेला, तिथे सूर्य आपल्या पावणेदहा-दहाच्या सुमारास मावळतो. म्हणून मे-जूनमध्ये नऊ ते दहा या तासाला नामिब वाळवंटातल्या पाणवठ्याला तोड नाही. तिरपं ऊन, लांब सावल्या आणि तहानलेली जनावरं. काळविटाच्या जातकुळीतले ऑरिक्स आणि स्प्रिंगबॉक, झेब्रा, शहामृग, कोल्हे.

ऑरिक्स पाण्यावर येताना बघा. एकदम येत नाही. वीस-पंचवीस पावलांवर थांबतो, मान वर, कान दोन दिशांना. कळपातला एक पुढे होतो, गुडघे किंचित वाकवून तोंड लावतो, आणि त्याचं पिणं सुरळीत चाललेलं दिसलं की मगच बाकीचे हलतात. हा प्राणी उन्हात आपलं तापमान वाढू देतो. घाम गाळून पाणी घालवत नाही. नाकातल्या हवेने थंड झालेलं रक्त मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताला गारवा देतं, म्हणून अंग तापलं तरी डोकं शाबूत. जळगावच्या मे महिन्यात बसून हे बघताना त्या जनावराबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

नर्मदेतलं_गाव

वाचनखूण साठवली.

केळीचा_घड

डेटाचं गणित देते. ढोबळमानाने ३६० पी दर्जाच्या चित्राला तासाला ३०० एमबी, ४८० पीला ५०० च्या आसपास, ७२० पीला एक जीबीच्या वर. १४४ पीला १०० एमबीत तास निघतो. दर्जा ‘ऑटो’वर ठेवलात तर चांगलं नेटवर्क मिळताच तो स्वतःच वर चढतो आणि पॅक साडेनऊलाच संपतो. दर्जा हाताने निवडायचा. नवीन व्हिडिओ लावला की निवड परत ऑटोवर गेली का, तेही बघायचं.

बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट अशी. चित्र किती हलतं यावर कमी दर्जात ते टिकतं की फुटतं, हे ठरतं. पाणवठ्यावर वाळू स्थिर, आकाश स्थिर, फक्त जनावर हलतं. तिथे २४० पीसुद्धा छान दिसतं. धबधबा, समुद्राच्या लाटा, पाऊस, बर्फ यांत प्रत्येक चौकट वेगळी असते, त्यामुळे कमी दर्जात नुसते ठोकळे दिसतात. पॅक तुटपुंजा असेल त्या दिवशी वाळवंट बघा. वायफाय असेल त्या दिवशी धबधबा.

आणि थेट प्रक्षेपणाची पट्टी मागे ओढता येते. बऱ्याच ठिकाणी काही तास मागे जाता येतं. खालचा लाल ठिपका करडा झाला म्हणजे तुम्ही मागे आहात. त्यावर बोट ठेवलं की परत ‘आत्ता’वर.

भुसावळ_जंक्शन

धबधब्याचं नाव निघालंच आहे तर अलास्कातला ब्रुक्स फॉल्स. कॅटमाई राष्ट्रीय उद्यान, तपकिरी अस्वलं. आता मेमध्ये काही नाही, जूनच्या शेवटी जा. उन्हाळ्यात फरक साडेतेरा तासांचा. आपले रात्री साडेआठ म्हणजे तिथे त्याच दिवशीचे सकाळचे सात. आणि तिथे तेव्हा दिवस इतका मोठा की आपल्या दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत उजेड.

जुलैत सॉकाय सॅमन प्रवाहाविरुद्ध अंडी घालायला वर चढतात. धबधबा जेमतेम पुरुषभर उंचीचा. नवखा माणूस उडणाऱ्या माशाकडे बघतो. तुम्ही अस्वल कुठे उभं आहे ते बघा, कारण जागेवरून त्याची पत कळते. धबधब्याच्या अगदी काठावर उभं राहून तोंड उघडं ठेवायचं आणि मासा येऊ द्यायचा, ही एक पद्धत. खाली फेसाळत्या डोहात बसून पायाला लागेल तो मासा दाबायचा, ही दुसरी. तो डोह मोक्याचा, तिथे बहुधा दांडगे नरच बसतात. लहान अस्वलं आणि पिल्लंवाल्या माद्या खाली उथळ पाण्यात, उरल्यासुरल्यावर.

मासे मुबलक झाले की अस्वलं निवडक खायला लागतात. कातडी, मेंदू आणि गाबोळी तेवढी खायची, बाकी मासा सोडून द्यायचा. चरबी त्या भागांतच जास्त. थंडीतल्या झोपेत वजन एक तृतीयांशापर्यंत उतरतं, तेव्हा त्यांचा हा हिशेब चोख आहे. मोठा नर हंगामाअखेर ४५० किलोच्या वर जातो.

सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात ‘फॅट बेअर वीक’ असतो. जुलैचा सडपातळ फोटो आणि सप्टेंबरचा गोलमटोल फोटो शेजारी ठेवून लोक मत देतात. २०१४ ला एक दिवसाचा होता, पुढच्या वर्षी आठवड्याचा झाला. ४८० क्रमांकाचा ओटिस चार वेळा जिंकला, २०२३ आणि २०२४ ला १२८ क्रमांकाची ग्रेझर ही मादी. जुलैपासून पाहत आलेलं अस्वल ऑक्टोबरात ओळखता येणं, हीच यातली मजा.

एक सावधानता. हंगाम संपला की त्याच ठिकाणी जुनी चित्रफीत चालवतात. कोपऱ्यात ‘लाइव्ह’ आहे की ‘हायलाइट्स’, ते बघून घ्या.

हतनूर_कट्टा

मला हा सगळा प्रकार पटत नाही. आपल्या उशाशी हतनूरचं धरण आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी सहाला जा. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, हवं ते बघा. यावलचं अभयारण्य १९६९ पासून आहे. शिरपूर तालुक्यात अनेरचं अभयारण्य आहे. हे सोडून अलास्का कशाला? पडद्यावर वास नाही, वारा नाही.

सातपुडा_पायथा

@हतनूर_कट्टा, तुमचं म्हणणं मान्य, पण मे महिन्यात ४५ अंशाला हतनूरवर कोण सापडणार? बदकं केव्हाच उत्तरेला गेली. शिवाय अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत, रात्रपाळीची माणसं आहेत. आणि थेट कॅमेरा एक गोष्ट शिकवतो, वाट बघणं. पडद्यासमोर वीस मिनिटं न हलता बसायची सवय झाली की पाणथळीवर तीच उपयोगी पडते. तिथे दर दोन मिनिटांनी जागा बदलणाऱ्याला फक्त उडणारे पक्षी दिसतात.

हतनूर_कट्टा

हे शेवटचं वाक्य मात्र शंभर टक्के खरं.

आंब्याची_कोय

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. ‘वाचवलं’ म्हणून फिरणाऱ्या व्हिडिओंत हे बघा.

कॅमेरा आधीपासून तिथे आहे का? पिल्लू विहिरीत पडतानाचंच चित्रण असेल, तर चित्रण करणारा पडायच्या आधीपासून उभा होता. एकाच प्रसंगाचे तीन-चार कोन असतील तर ते प्रसंगाचं नाही, चित्रीकरणाचं लक्षण. अजगराने कुत्र्याच्या पिल्लाला वेढलंय पण दात कुठेच रोवलेले नाहीत, हे अजगराच्या रीतीला धरून नाही. तो आधी चावा घेऊन पकडतो, मग वेटोळं घालतो. वेढा घातलेला पण चावा नसलेला अजगर बहुधा हाताने अंगावर ठेवलेला असतो. त्याच चॅनलवरचे आणखी पाच व्हिडिओ उघडा. तेच अंगण, तीच दोरी, तेच पिल्लू सापडलं तर शंका उरत नाही.

खऱ्या सुटकेत माणसं प्राण्याला झाकतात, गर्दी हटवतात, आणि चित्रण बहुतेक वेळा वाईट असतं. हात रिकामे नसतात हो!

असा व्हिडिओ पुढे पाठवू नका, त्याखाली रागाची प्रतिक्रियाही लिहू नका. राग असो की कौतुक, दोन्हींनी त्याचा प्रसार वाढतो. तक्रारीचं बटण दाबा आणि ‘हे चॅनल सुचवू नका’ निवडा. आणि आपल्या भागात खरोखर वन्यप्राणी अडकला असेल तर वनविभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक आहे.

केळीचा_घड

यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्यांची भर. २०२५ मध्ये रात्रीच्या सीसीटीव्हीसारख्या दिसणाऱ्या व्हिडिओत ट्रॅम्पोलिनवर उड्या मारणारे ससे जगभर फिरले. ते बनवलेले होते. रात्रीचं करडं, धुरकट चित्र मुद्दाम निवडतात, कारण चुका त्यात लपतात. एकेक चौकट थांबवून सशांची संख्या मोजा. दोन ससे एकमेकांवरून गेले की एक नाहीसा होतो. पंजे, शेपटी, सावली यांतही गडबड सापडते.

खापरावरचे_मांडे

स्लो लोरिसच्या ‘गुदगुल्यां’बद्दल कुणीतरी लिहायला हवं, म्हणून लिहितो. मोठ्या डोळ्यांचं ते चिमुकलं जनावर, माणूस बोट लावतो तसे दोन्ही हात वर करतं. लोकांना वाटतं खुशीत आहे. तो बचावाचा पवित्रा आहे. त्याच्या कोपराच्या वर आतल्या बाजूला ग्रंथी असते. हात वर केले की तिच्यातला स्राव तोंडाशी येतो, लाळेत मिसळतो आणि चावा विषारी होतो. हे जनावर निशाचर. दिव्याच्या झगझगाटात त्याला धरून ठेवणं हाच छळ. विकणारे त्याचे दात आधीच कापून टाकतात. २००७ मध्ये स्लो लोरिसांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक श्रेणीतली बंदी आली.

आपल्याकडचं उदाहरण पिंजऱ्यातला पोपट. शीळ घालणाऱ्या राघूचे व्हिडिओ आवडीने बघतात, पण देशी पोपट पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. मोकळ्या राघूंचा थवा निंबोळ्या सोलताना बघा. एका पायात निंबोळी धरून गर काढतात, ते पिंजऱ्यात कधी दिसत नाही.

पांझरेचं_पाणी

कुत्र्यामांजरांचंही थोडं. सारखी जांभई, ओठ चाटणं, मान वळवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवणं, ही कुत्रं ताणात असल्याची चिन्हं. ‘अपराधी चेहरा’ म्हणून फिरणारे बरेच व्हिडिओ या चिन्हांचेच असतात. मांजर डोळे अर्धवट मिटून हळू उघडझाप करत असेल तर निवांत आहे. चिंपांझीचे दात दिसले म्हणजे हसू नव्हे, बहुतेकदा भीती.

हे कळलं की निम्मे व्हिडिओ गळून पडतात, उरलेले दुप्पट आवडतात.

वेड्याराघूचं_घर

पण सगळ्या गोंडस व्हिडिओंना झोडपू नका. हिरोशिमा विद्यापीठाच्या २०१२ च्या प्रयोगात पिल्लांचे फोटो बघितल्यावर बारकाईचं काम जास्त काळजीपूर्वक झालं होतं. मोठं कपाळ, मोठे डोळे, गुबगुबीत गाल बघून आपण विरघळतो, हे प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेंझ यांनी १९४३ मध्येच मांडलं होतं. दमलेल्या माणसाने मांजर बघितलं तर बिघडलं काय?

भुसावळ_जंक्शन

काहीच बिघडलं नाही. फक्त त्या प्रयोगात मोजके फोटो होते. न संपणारी सरकपट्टी नव्हती. पाच व्हिडिओ बघून फोन ठेवणाऱ्याला तो प्रयोग लागू, रात्री बारापर्यंत सरकवणाऱ्याला नाही. स्वयंचलित पुढचा व्हिडिओ बंद करा, म्हणजे तुमची मर्यादा तुमच्या हातात.

अहिराणी_वारा

भो, एवढं जगभर फिरनात, पन आपला रानपिंगळा कुठे?

सातपुडा_पायथा

@अहिराणी_वारा, भाऊ, तुम्ही योग्य जागी बोट ठेवलंत. त्याचा थेट कॅमेरा नाही, आणि नसावाच. पण पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ईबर्डसारख्या संकेतस्थळांवर त्याचे फोटो आणि आवाज मिळतात.

हे लहानसं घुबड आपल्या खान्देशाचा मान आहे. १८८४ नंतर त्याचा एकही खात्रीचा पुरावा नव्हता, नामशेष झाला असंच बहुतेकांनी धरलं होतं. मध्ये १९१४ चा म्हणून एक नमुना संग्रहालयात होता. मायनर्ट्झहागन या ब्रिटिश अधिकाऱ्याने तो स्वतः गुजरातेत मिळवल्याचं चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात तो जुनाच, चोरलेला नमुना. नवी शिवण घालून खोटी चिठ्ठी लावलेला. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघड केली, खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पक्षी सापडला. तब्बल ११३ वर्षांनी. आंब्याची_कोय यांनी वर खोट्या व्हिडिओंबद्दल लिहिलंय ना, तसंच हे. एका खोट्या चिठ्ठीने माणसं नको त्या जागी शोधत राहिली.

फोटो बघताना साध्या पिंगळ्याशी गल्लत होते. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत, रानपिंगळ्याचं डोकं जवळपास साधं. पोट खालून पांढरंशुभ्र, शेपटीवर रुंद पट्टे, पाय आणि पंजे अंगाच्या मानाने दणकट. दिवसाउजेडी शिकार करतो आणि फांदीवर बसून शेपटी झटक्याने डावी-उजवी हलवतो. व्हिडिओत पहिल्यांदा तीच शेपटी बघा.

दोन विनंत्या. त्याचा आवाज घरात ऐका, जंगलात फोनवर वाजवू नका. नराला वाटतं हद्दीत दुसरा घुसला, आणि तो घरटं सोडून भांडायला येतो. आणि कुणाला दिसलाच तर फोटोतली जागेची नोंद काढल्याशिवाय कुठेही टाकू नका.

अहिराणी_वारा

भलतं भारी शे. धन्यवाद भाऊ.

पांझरेचं_पाणी

मूळ प्रश्नाला जोडून एक उपप्रश्न. जुना फोन कॅमेरा म्हणून लावून आपल्याच गच्चीवरचे पक्षी बघता येतील का?

केळीचा_घड

येतात, पण मेमध्ये फोन आधी मरतो. तापलेल्या गच्चीवर चार्जिंगला लावलेल्या फोनची बॅटरी फुगते. फोन घरात, उत्तरेच्या खिडकीत, काचेला चिकटवून. रात्री खिडकीतून चित्रण करायचं असेल तर घरातला दिवा बंद, नाहीतर काचेत आपणच दिसतो. चार्जर टायमरवर, तासभर चालू, दोन तास बंद.

पाण्यासाठी मातीची पसरट परळ. पाणी दोन इंचांपेक्षा खोल नको, मध्ये एक खडबडीत दगड, म्हणजे चिमण्यांना पाय टेकता येतो. परळ सावलीत, भिंतीपासून चार-पाच फूट दूर, म्हणजे मांजराला दबा धरायला आडोसा मिळत नाही. पाणी दोन दिवसांनी बदलायचं आणि नारळाच्या शेंडीने आतून घासायचं. शेवाळ धरलं की पक्षी टाळतात, आणि आठवडा ठेवलं तर डासांच्या अळ्या. गर्दी सकाळी आणि पुन्हा उन्हं कलल्यावर. सातभाई सगळे एकदम येतात, होला एकटा येऊन न थांबता चोच बुडवून पितो.

आंब्याची_कोय

शेताच्या बांधावर कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावणाऱ्यांसाठी. त्याचा संवेदक हलणारी उष्णता पकडतो, म्हणजे अंग आणि मागची जमीन यांच्या तापमानातला फरक. मे महिन्याच्या दुपारी जमीनच अंगाइतकी किंवा जास्त तापते, मग कोल्हा समोरून गेला तरी कॅमेरा गप्प. उलट हलणारं गरम गवत बघून शेकडो रिकामे फोटो. म्हणून तोंड उत्तरेला, समोरचं गवत कापलेलं, उंची गुडघ्याइतकी. कधीकधी कोळी भिंगावरच जाळं विणतो. दर चार दिवसांनी कोरड्या ब्रशने झटका. वनहद्दीत मात्र परवानगीशिवाय लावायचा नाही.

खापरावरचे_मांडे

घरट्यांचे कॅमेरे सुचवण्याआधी एक इशारा द्यायचा राहिला. घरट्यातली अंडी बऱ्याचदा एकाच दिवशी फुटत नाहीत, त्यामुळे धाकटं मागे पडतं, कधी मरतं. कॅमेरेवाले सहसा हात घालत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. लहान मुलांना दाखवताना शेजारी बसा आणि विचारलं तर खरं सांगा.

तापीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. वरचं सगळं धरून मी मे-जूनचा क्रम असा लावतेय, चुकलं तर सांगा. नऊला अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या आवारातलं रेड-टेल्ड हॉक या शिकारी पक्ष्याचं घरटं, तिथे सकाळचे साडेअकरा. साडेनऊला नामिब, अंधार पडेपर्यंत, २४० पीवर. वायफाय असेल त्या दिवशी कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बे मत्स्यालयातली जेलीफिश किंवा पाणमांजरं.

भुसावळ_जंक्शन

बरोबर आहे. माँटेरे आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, म्हणजे नऊला तिथे सकाळचे साडेआठ. पाणमांजर काखेखालच्या सैल कातडीत दगड खुपसून ठेवतं, पोटावर शिंपला आपटायला तोच काढतं. ते चुकवू नका. जेलीफिशच्या टाक्या आतून गोल असतात, कोपऱ्यात अडकून फाटू नयेत म्हणून. आणि पहाटे जाग येणाऱ्यांनी न्यूझीलंडच्या अल्बाट्रॉस या समुद्रपक्ष्याचा कॅमेरा लावावा. आपल्या सहाला तिथे दुपारचे साडेबारा. पिल्लू फेब्रुवारीच्या सुमारास जन्मतं आणि सप्टेंबरच्या सुमारास उडतं. आत्ता ते पांढऱ्या पिसांचा गोळा होऊन एकटंच बसलेलं असेल, आईबाप समुद्रावर.

हतनूर_कट्टा

९:४८. नामिब लावलाय. सूर्य टेकडीला टेकला. पाण्यावर एक ऑरिक्स, मागे चार थांबलेले. डाव्या कोपऱ्यात, दगडाच्या सावलीत काहीतरी कान हलवतंय. कोल्हा आहे का बघा जरा.

अहिराणी_वारा

कोल्हाच. दोन शेतस.